नवतप्याची वाट पाहू नकोस

२६-२७ अंशांच्या वर गिनीपिगला उष्णतेचा त्रास सुरू होतो, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ गाठतो. तुझा पेरुव्हियन, म्हणजे लांब केसांच्या जातीचा आहे, अंगावर घोंगडीच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, यायच्या खूप आधी, मार्चमध्येच कात्री हाती घे. केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतात, तेव्हा हे काम दर महिन्याचं समज.

मांडीवर टॉवेल घे, समोर सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) दोन काड्या ठेव. कात्री बोथट टोकाचीच हवी. आधी हळुवार कंगवा फिरव. केस ओढून कधीच कापू नकोस, कारण त्यांच्यासोबत कातडी वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. माझ्याकडून एकदा तसं झालं, ती किंकाळी अजून कानात आहे. केसांची बट दोन बोटांत धर, बोटं कातडीच्या बाजूला ठेव आणि बोटांबाहेरचे तेवढेच काप. गुंता असेल तर कातडी आणि गुंत्यामध्ये कंगवा सरकव, मग वरून काप.

सगळ्यात महत्त्वाचा मागचा भाग. तिथे लघवी, लेंड्या चिकटल्या की माश्या अंडी घालतात आणि जिवावर बेतू शकतं. तिथले केस आखूडच ठेव. मिशांना हात लावू नकोस.

तो वळवळायला लागला की थांब. उरलेलं उद्या.