एमबीबीएस नाही, तरी साथरोगांच्या संस्थेत काम मिळेल का? एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं पत्र थोडक्यात सांगते. ताई भांडुपला राहतात, मुलगी टीवायबीएस्सीला, मायक्रोबायोलॉजी. नीट दोनदा दिली, सरकारी सीटपर्यंत स्कोअर गेला नाही आणि प्रायव्हेटची फी झेपणारी नाही. आता ती म्हणते की साथ आली की केंद्राची टीम येते ना, त्या टीममध्ये मला जायचंय, दिल्लीला एनसीडीसीत, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर डिसीज कंट्रोलमध्ये. आईचे प्रश्न असे की ही संस्था नेमकं करते काय, पुण्याची विषाणू संस्था एनआयव्ही असताना ही वेगळी कशाला, डॉक्टर नसताना घेतील का, नोकरी पक्की की कंत्राटी. आणि दीर म्हणतात, "शेवटी रक्तच तपासायचं ना, मग डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मोकळी हो."

आधी दिरांचंच घेते. डीएमएलटी वाईट नाही, त्यावर हजारो घरं चालतात, पण तुमच्या मुलीला जे हवंय ते काम रिपोर्ट हातात आल्यावर सुरू होतं. एका माणसाच्या रक्तात लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) निघाला तर डॉक्टर त्याला औषध देईल, विषय संपला. पण एकाच चाळीतल्या चार जणांना निघाला तर कुणीतरी उठून तिथे जायला हवं ना, की पाणी कुठे तुंबतं, उंदीर किती, हे चौघं कुठून चालत गेले, पायाला जखम होती का, अजून कोण तापाने घरी पडलंय. हे जे "कुणीतरी" आहे ना, त्याचं शास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी, आणि एनसीडीसी मुळात त्या शास्त्राची संस्था आहे. लॅब आहेत, चांगल्या आहेत, पण त्या या कामाच्या मदतीला.

आता संस्थेबद्दल. १९०९ मध्ये कसौलीला सेंट्रल मलेरिया ब्युरो निघाला, पुढे तो वाढत गेला, १९३८ मध्ये दिल्लीला आला आणि मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया झाला. १९६३ मध्ये नुसता मलेरिया नको, सगळेच संसर्गजन्य रोग बघा म्हणून त्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेबल डिसीजेस झाली, आणि २००९ मध्ये एनसीडीसी हे आत्ताचं नाव मिळालं. हे सांगायचं कारण एवढंच की जुन्या पुस्तकांत, जुन्या पीडीएफमध्ये एनआयसीडी लिहिलेलं दिसेल, मुलीने ती वेगळी संस्था समजू नये.

एनआयव्ही वेगळं. ते १९५२ मध्ये पुण्यात सुरू झालं, आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं आहे, म्हणून मुख्य काम संशोधन, विषाणू ओळखणं, त्याचा अभ्यास करणं. एनसीडीसी थेट आरोग्य सेवा महासंचालनालयाखाली येते. देशभरातून रोगांचे आकडे गोळा करायचे, कुठे काही वाढतंय का बघायचं, राज्याला गरज पडली की टीम पाठवायची, नमुने तपासायचे, राज्यांच्या माणसांना ट्रेनिंग द्यायचं. आणि आरोग्य हा राज्याचा विषय आहे हेही मुलीला समजू दे, टीव्हीवर दाखवतात तसं केंद्राची टीम येऊन सगळं ताब्यात घेते असं काही नसतं. फवारणी मुंबईत बीएमसीच करणार, पेशंट कस्तुरबा रुग्णालयातच जाणार, टीम शोध घेते, सल्ला देते, मदत करते.

हे काम किती साधं दिसतं आणि किती मोठं असतं यासाठी नारूचं उदाहरण देते. घरात आजी असतील तर विचारा, गावाकडे नारू म्हटलं की अजून अंगावर काटा येतो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांमधून नारू पोटात जायचा आणि साधारण वर्षाने पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांब, पांढरा दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. यावर लस नाही, नेमकं औषध नाही. तरी आपल्या देशातून गेला! १९८३-८४ पासून जो कार्यक्रम चालला त्याची जबाबदारी याच संस्थेकडे होती. गावोगाव पेशंट शोधायचे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करायच्या नाहीतर बदलायच्या, हातपंप द्यायचे, पाणी फडक्याने गाळून प्या म्हणून घरोघर सांगायचं, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा. शेवटचा पेशंट १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, २००० मध्ये डब्ल्यूएचओने भारत नारूमुक्त म्हणून सर्टिफिकेट दिलं. मायक्रोस्कोपपेक्षा इथे चपला जास्त झिजल्या. मुलीला हे ऐकून कंटाळा आला तर ते तिच्या निवडीबद्दल बरंच काही सांगून जाईल, आणि डोळे चमकले तर तेही.

आता तुमचा खरा प्रश्न, एमबीबीएसशिवाय घेतील का. स्पष्ट सांगते, या क्षेत्रात वरच्या खुर्च्या बहुतेक डॉक्टरांच्याच आहेत, ईआयएस नावाचं साथीचा शोध घ्यायला शिकवणारं दोन वर्षांचं जे नावाजलेलं ट्रेनिंग एनसीडीसीत चालतं तेही प्रामुख्याने डॉक्टरांसाठीच. हे मला पटतं का? नाही, पण आज तरी असंच आहे, आणि मुलीला ते आत्ताच माहीत असलेलं बरं. पण खुर्च्या इतरही आहेत. २००४ मध्ये आयडीएसपी म्हणून देशभर रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं केंद्र एनसीडीसीतच. त्यात राज्य आणि जिल्हा पातळीवर एपिडेमिऑलॉजिस्ट, मायक्रोबायोलॉजिस्ट, एन्टोमोलॉजिस्ट (कीटकांचे जाणकार), डेटा मॅनेजर अशी पदं असतात. पूर्वी यात तीन फॉर्म असायचे, आरोग्यसेविका लक्षणं बघून एस भरणार, डॉक्टर संशयित रोगाचा पी भरणार आणि लॅब पक्क्या निदानाचा एल भरणार, आता ते सगळं आयएचआयपी या पोर्टलवर ऑनलाइन जातं. ही माहिती रोज बघणारा, एखाद्या भागात तापाचा आकडा नेहमीपेक्षा वर गेलाय हे पकडणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे असं नाही.

म्हणून मी तिला दिल्ली की मुंबई हे आधी विचारणारच नाही. मी विचारेन की तुला लॅबमध्ये बसायचंय, फील्डवर फिरायचंय की आकड्यांत डोकं घालायचंय?

लॅब म्हणाली तर एमएस्सी निवडताना जपून. नुसती मायक्रोबायोलॉजी आणि मेडिकल मायक्रोबायोलॉजी यात जाहिरातवाले फरक करतात, अनेक पदांना दुसरी मागतात आणि आपल्याकडच्या पोरींना हे एमएस्सी झाल्यावर कळतं. त्यामुळे कॉलेज घराजवळ आहे का यापेक्षा जिथे जायचंय तिथल्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेची ओळ वाचा. व्हायरॉलॉजीचंच वेड असेल तर पुण्याला एनआयव्हीची एमएस्सी आहे. शिवाय परळचं हाफकिन आहेच, मुंबईत १८९६ मध्ये मांडवीला प्लेग उघडा पडला त्यातूनच जन्मलेली संस्था, तिथे संशोधनाच्या वाटा आहेत.

आकड्यांची आवड असेल तर नशीबवान आहात, ट्रेनने तासाभरात पोचाल अशा ठिकाणी दोन चांगल्या संस्था आहेत. देवनारला आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्सकडे (आरोग्याच्या आकडेशास्त्राकडे) जाता येतं आणि तिथेच टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पब्लिक हेल्थची मास्टर्स आहे. बीएस्सीला गणित सुटलेलं असतं म्हणून मुलं घाबरतात, पण एक्सेल आणि थोडं आर किंवा पायथन (आकडेमोडीच्या कॉम्प्युटर भाषा) शिकून घेतलं तर बरंच निभतं.

आणि फील्डसाठी एक वाट सुचवते जी कुणी सुचवत नाही, डासांची. हसू नका. पाँडिचेरीला आयसीएमआरचं व्हीसीआरसी हे डासांसारख्या रोगवाहक कीटकांवरचं संशोधन केंद्र आहे, तिथे पब्लिक हेल्थ एन्टोमोलॉजीची एमएस्सी होते, बीएस्सीचा विषय चालतो का ते तेवढं तपासा. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास इमारतींच्या टाक्यांमध्ये वाढतो आणि डेंग्यूचा एडिस तुमच्या खिडकीतल्या कुंडीखालच्या बशीत. बीएमसीचा माणूस टॉर्च मारून पिंपात वाकून बघतो तेव्हा वळवळणाऱ्या अळ्यांकडे बघून कुठला डास हे सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत. गर्दी मायक्रोबायोलॉजीत आहे, इथे नाही.

पक्की नोकरी? आयडीएसपीची बरीच पदं एनएचएमखाली (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी असतात, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग पुढची ऑर्डर, पगार कधी वेळेवर कधी उशिरा. कायम पदं कमी आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. घर फक्त तिच्या पगारावर चालणार असेल तर हे गणित आधी मांडा, लाजायचं काही नाही. पण मी कंत्राटाला सरसकट वाईट म्हणणार नाही. दोन-तीन पावसाळे जिल्ह्यात काढलेल्या मुलीला एनजीओ, रिसर्च प्रोजेक्ट, पुढे पीएचडी, सगळीकडे जास्त भाव मिळतो, कारण पुस्तकातली साथ आणि कुर्ल्याच्या गल्लीतली साथ यातला फरक तिने बघितलेला असतो.

धोक्याचं म्हणाल तर लॅबला नियम असतात, लसी असतात, ग्लोव्ह्ज मास्क असतात. लोकलच्या दारात लटकणं त्याहून जास्त धोक्याचं आहे, आणि ते ती रोज करतेच.

दिल्लीची घाई नको. टीवायची परीक्षा होऊ दे, तोवर या पावसाळ्यात कॉलेजमधल्या सरांकडून पत्र घेऊन कस्तुरबा किंवा केईएमच्या लॅबमध्ये महिनाभर बिनपगारी शिकायला मिळतं का ते बघा. ओळख लागत नाही असं नाही, पण पत्र घेऊन दोनदा चक्कर मारली तर बरेचदा काम होतं. तिथून आल्यावर तिलाच लिहायला सांगा मला, वरच्या तीनपैकी कुठली खुर्ची हवी ते. तुम्ही लिहू नका, तिनेच लिहायचं. मग कुठल्या एंट्रन्सचे फॉर्म कधी भरायचे ते आपण बघू, आणि दिरांना तोवर चहा पाजा.