जुन्या बाटल्या आणि घरची वाइन

प्रश्न : जूनमध्ये आम्ही घरच्या झाडाच्या जांभळांची वाइन केली. ऑगस्टअखेर ती जुन्या बाटल्यांत भरली. चव आंबट वाटल्याने प्रत्येक बाटलीत दोन चमचे साखर घातली, जुनीच बुचे ठोकून बसवली आणि वरून मेणबत्तीचे मेण ओतले. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दोन बुचे उडाली आणि एक बाटली फुटली. दोष बाटल्यांचा की बुचांचा? उरलेल्या नऊ बाटल्यांचे काय करावे? – एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : आधी त्या नऊ बाटल्या, कारण त्या आजही फुटू शकतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये. प्रत्येक बाटली जाड कापडात गुंडाळून दिवसभर फ्रीजमध्ये ठेवावी. गार द्रवात वायू अधिक विरघळून राहतो आणि दाब उतरतो. मग तोंड आपल्यापासून दूर धरून बूच अगदी सावकाश सोडवावे आणि सगळी वाइन पुन्हा बरणीत ओतून वर सैल झाकण ठेवावे.

दोष मुख्यतः साखरेचा आहे. खानापूरकडील पावसाळी गारव्यात यीस्ट, म्हणजे साखरेपासून मद्य आणि वायू तयार करणारे सूक्ष्मजीव, मंदावते, बुडबुडे थांबतात आणि आंबण्याची क्रिया संपली असा समज होतो. प्रत्यक्षात यीस्ट जिवंत असते आणि ऑक्टोबरमध्ये हवा तापली की पुन्हा कामाला लागते. एका लिटरमध्ये चार ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली, तर साधारण एक वातावरण (आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा) इतका दाब वाढतो. आपले दोन चमचे म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत आठ-दहा ग्रॅम साखर. तिचा दाब तीन वातावरणांच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा जास्त. साधी वाइनची बाटली त्यासाठी घडवलेली नसते. फसफसणाऱ्या शॅम्पेनची बाटली इतकी जड असते ती याच कारणाने.

म्हणून बाटल्या भरण्यापूर्वी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीने, मोजावे. आकडा १.००० (पाण्याची घनता) च्या खाली येऊन आठवड्याच्या अंतराने घेतलेल्या दोन-तीन मोजण्यांत जराही हलला नाही, तरच आंबणे संपले असे धरावे. हे साधन नसल्यास थोडी वाइन लहान बाटलीत घेऊन तोंडाला फुगा बांधावा आणि ती आठवडाभर उबदार जागी ठेवावी. फुगा ताठ झाला तर थांबावे. गोडवा हवा असेल, तर साखर पेल्यात घालावी, बाटलीत नव्हे.

आता बाटल्यांविषयी. घरगुती कामाला माझी पसंती बिअरच्या तपकिरी बाटलीला आहे. भंगारवाल्याकडे ती सहज मिळते, तिची काच दाब सोसते, उजेड अडवते आणि पत्र्याचे नवे झाकण साध्या हातयंत्राने घट्ट बसते. वाइनच्या बाटलीला मात्र नवेच बूच लागते. तिच्या तोंडाचा आतील व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर, तर बुचाचा चोवीस. ते यंत्रात दाबून बारीक केले तरच आत जाते आणि फुगून घट्ट बसते. हातोडीने ठोकता येणारे बूच मुळातच सैल असते, शिवाय एकदा स्क्रूने भोक पडलेल्या बुचातून हवा येत-जात राहते. त्यावर ओतलेले मेण गार झाले की तडकते. ते धूळ अडवते, दाब नव्हे. बूच उकळूही नये, त्याचा लवचिकपणा जातो.

व्हिस्कीच्या कित्येक बाटल्यांच्या तोंडात पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लास्टिकची अडसर बसवलेली असते, तेव्हा त्यांचा नाद सोडावा. गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्या घरात असल्या, तर त्यांचाही मोह नको. त्यातली गोटी आतल्या वायूच्या दाबानेच तोंडाशी घट्ट बसते आणि बुडबुडे नसलेल्या साध्या वाइनमध्ये तो दाब नसतो. रॉकेल किंवा फिनेल भरलेली बाटली कितीही धुतली तरी घेऊ नये.

धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बाटल्या भिजवून ब्रशने घासाव्यात. गार काचेवर एकदम उकळते पाणी ओतले तर ती तडकते. ब्लीचिंग पावडर टाळावी, कारण क्लोरीन आणि बूच एकत्र आले की पुढे वाइनला कुबट वास येऊ शकतो. शेवटी सरबत टिकवण्यासाठी मिळणाऱ्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या पुडीच्या पाण्याने विसळून बाटल्या उलट्या ठेवून पूर्ण निथळू द्याव्यात, कारण त्याचा अंश जांभळाचा रंग फिका करतो. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये.

एक गोष्ट सांगणे भाग आहे. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि वाइनही मद्यच आहे. परवाना नसल्यास पुढच्या जूनमध्ये याच बाटल्यांत जांभळाचे सरबत भरावे. बुचाची बाटली भरताना बुचाखाली बोटभर जागा सोडावी, दोन-तीन दिवस ती उभी ठेवावी आणि मगच आडवी करावी. पत्र्याच्या झाकणाची बाटली उभीच राहू द्यावी.