वेनराइटचं पान: वाचायचं कसं, आपलं काढायचं कसं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. इंग्लंडात लँकेस्टरला शिकता शिकता आल्फ्रेड वेनराइटने हाताने लिहिलेल्या लेक डिस्ट्रिक्टच्या वाटपुस्तिकेचे सातही खंड हाती लागले, आता वर्षभरात त्यातले २१४ डोंगर करायचे आणि परतल्यावर सह्याद्रीची तशीच हाताने लिहिलेली वाटपुस्तिका काढायची, असे तुझे दोन बेत. पहिल्यावर थोडं लिहितो, दुसऱ्यावर बरंच.

२१४ ही यादी वेनराइटने यादी म्हणून केलीच नव्हती. लेक डिस्ट्रिक्ट हा वायव्य इंग्लंडमधला डोंगर-तळ्यांचा मुलूख; त्याचे त्याने सात भाग पाडले, प्रत्येक भागातले आपल्या मते स्वतंत्र प्रकरणाच्या लायकीचे डोंगर घेतले, आणि बेरीज तेवढी भरली. उंचीचा नियम नाही, दोन माथ्यांमध्ये खिंड किती खोल हवी याचाही नाही. म्हणून ९७८ मीटरच्या स्कॅफेल पाइकच्या यादीत २९० मीटरचा कॅसल क्रॅगही बसला आहे. खुणा करत सुटलास तर पायांना व्यायाम होईल, पुस्तिकेला काही मिळणार नाही. त्यापेक्षा दहाच डोंगर घे, आणि प्रत्येक डोंगर दोन वेगवेगळ्या वाटांनी चढ.

आता त्याची पद्धत. केंडल नगरपालिकेत हा खजिनदार. ९ नोव्हेंबर १९५२ला पहिलं पान लिहायला बसला, ते अँबलसाइडहून डव्ह क्रॅग चढण्याचं. तेरा वर्षांचं वेळापत्रक आधीच आखलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी बसने जायचं, कारण गाडी तो चालवत नसे. आणि आठवड्यातल्या संध्याकाळी साधारण एक पान पुरं करायचं. पहिला खंड १९५५ला आला, सातवा १९६६ला. अक्षरजुळणी झालीच नाही, त्याच्या हस्ताक्षरावरूनच छपाई झाली. शंभरेक पानं झाल्यावर उजवी कड वेडीवाकडी दिसते म्हणून ती सगळी रद्द करून त्याने पुन्हा लिहिली, दोन्ही कडा सरळ ठेवून. लोक हे विक्षिप्तपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात हिशेबनीसाची शिस्त दिसते. चालणारा, टिपणारा, चित्र काढणारा आणि पान लावणारा माणूस एकच, त्यामुळे वाट आणि पान यांच्यामध्ये चूक शिरायला जागाच कमी. तुला घ्यायचं आहे ते हे. त्याच्या रेघा उचलणं सोपं आहे, पण निरुपयोगी.

चालताना मात्र जुने खंड हातात धरू नकोस. गेल्या साठ-सत्तर वर्षांत पायवाटा सरकल्या, लावलेली झाडी तोडली गेली, कुंपणं गेली, नवी आली. क्रिस जेस्टीने २००५ ते २००९मध्ये सातही खंड पुन्हा तपासले आणि वाटा लाल रंगात दिल्या. त्यानंतर क्लाइव्ह हचबीने तिसरी आवृत्ती केली. ती पिशवीत असू दे. सोबत ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे १:२५,००० नकाशे. ओएल ४ ते ओएल ७ या चार नकाशांत बहुतेक सगळं येतं. जुना खंड घरी टेबलावर अभ्यासाला ठेव, आणि जुन्या-नव्या आवृत्तीतलं एकच पान शेजारी शेजारी लावून काय बदललं ते पाहा.

वेनराइटची चढाईची आकृती नीट समजून घे. पानाच्या तळाशी ती नकाशा असते, वरून पाहिल्यासारखी. वर सरकता सरकता तिचं चित्र होत जातं आणि माथ्याशी डोंगर समोरून दिसतो. म्हणून एकाच पानावर प्रमाण बदलत जातं. तळाशी एक सेंटीमीटर म्हणजे जेवढं अंतर, तेवढं वर नसतं. पट्टी लावून वेळ काढणारे इथेच फसतात. उत्तर दिशाही नेहमी वर नसते, ती बाणाने दाखवलेली असते. आणि आकृती खालून वर जाणाऱ्यासाठी आहे. उतरताना तीच उलटी धरली तर फाटे ओळखू येत नाहीत. वेळ काढायचा तर नेस्मिथचा जुना हिशोब घे: ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. थांबणं त्यात धरलेलं नाही. चित्रं काढणार असशील तर दीडपट कर, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो हे विसरू नकोस.

सुरुवात फेअरफील्डच्या नालाकृती धारेने कर. लँकेस्टरहून ५५५ नंबरची बस अँबलसाइडला जाते. साधारण १६-१७ किलोमीटर, चढाई हजार मीटरच्या आसपास, आणि वाटेतले आठही माथे पहिल्याच खंडातले. इथे दोन गोष्टी निरखून बघ. फेअरफील्डचा माथा (८७३ मीटर) रुंद आणि सपाट आहे, त्यावर दगडांच्या रचाया बऱ्याच, आणि उत्तरेला सरळ कडे. ढग उतरला की प्रत्येक रचाई वाटेचीच वाटते आणि माणूस चुकीच्या टोकाकडे चालू लागतो. अशा ठिकाणी ‘माथा सुंदर आहे’ हे वाक्य कुणाच्या कामाचं? कोणत्या रचाईपासून होकायंत्राचा किती अंशाचा रोख धरायचा, हे लिहायला हवं. दुसरी गोष्ट डव्ह क्रॅगची भिंत. धारेवरून ही दगडी भिंत थेट खाली हाय पाइक, लो पाइककडे जाते. धुक्यात ती हाताशी ठेवली की अँबलसाइडची दिशा सुटत नाही. वेनराइट शाबूत भिंत आणि पडकी भिंत यांना वेगळी खूण का देतो, ते तिथे कळेल. पायवाटेचंही तसंच: ठळक वाट, मधूनमधून पुसट होणारी वाट, आणि वाट नाही पण इथून जा, या तिन्हींच्या खुणा वेगळ्या. आपल्याकडच्या बहुतेक हस्तनकाशांत सगळ्यांना एकच तुटक रेघ मिळते, आणि चुकणारे नेमके त्या रेघेवर चुकतात.

नकाशावर सरळ दिसणारं जमिनीवर सरळ नसतं, याचा नमुना स्कॅफेल पाइक आणि स्कॅफेल. माथे जेमतेम सव्वा किलोमीटर अंतरावर, मध्ये मिकलडोरची खिंड. पण खिंडीतून स्कॅफेलकडे निघालं की ब्रॉड स्टँड आडवा येतो. हे उतरते, घसरडे कातळटप्पे आहेत. हात-पाय लावून होईल असं वाटतं, आणि तिथेच अपघात होतात. चालणाऱ्याने खाली उतरून फॉक्सेस टार्न या छोट्या तळ्याकडून वळसा घ्यायचा. लॉर्ड्स रेक ही दुसरी घळ, पण तिथे दरड कोसळून बदल झालेले आहेत, ताजी माहिती घेतल्याशिवाय नको. तुझ्या पुस्तिकेत अशी जागा आली तर तीन गोष्टी लिही: टप्पा किती मीटरचा, पाऊल चुकलं तर माणूस कुठे जाऊन थांबतो, आणि वळशाला किती वेळ जास्त लागतो. ‘थोडं अवघड’ लिहू नकोस, ते प्रत्येकाला वेगळं वाटतं.

टिपणवही खिशात मावेल अशी, पेन्सिल एचबी, कारण पावसात शाईचं पेन बंद पडतं. प्रत्येक फाट्यावर वेळ, उंची, होकायंत्राचा रोख आणि न हलणारी एक खूण. झाड आणि पाटी या खुणा नव्हेत. वेनराइट बरीच चित्रं घरी फोटोवरून काढत असे, तूही काढ. पण फोनच्या नेहमीच्या रुंद भिंगाने मागचा डोंगर बुटका दिसतो. दुप्पट झूम करून घे. वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची. भर दुपारी घळीत सावली नसते, आणि सावली नसली की आडव्यातिडव्या रेघांना आधार मिळत नाही.

कागद गुळगुळीत, २०० ग्रॅमच्या वरचा. आधी २एच पेन्सिल, मग पाण्याने न पसरणारी शाई, ०.१, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची पेनं. चित्र छपाईच्याच आकारात काढ. मोठं काढून निम्म्यावर आणलंस तर ०.१ची रेघ छापताना तुटते आणि दाट रेघांचा काळा डाग होतो. स्कॅन काळ्या-पांढऱ्यात, १२०० डीपीआय. देवनागरीची अडचण वेगळी आहे: वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरं. दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोड, नाहीतर ‘कु’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. उजवी कड सरळ हवी असेल तर ओळ आधी पेन्सिलने लिही, उरलेली जागा मोज, आणि ती शब्दांमधल्या फटींत वाटून दे. अक्षरं ताणू नकोस. चारपेक्षा कमी शब्दांच्या ओळीत हे जमत नाही, तिथे वाक्यच बदल.

सह्याद्रीत आल्यावर नकाशाची उणीव जाणवेल. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० नकाशे, समोच्च रेषा २० मीटरवर. १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होतो. नाळेतली वाट तर वरून दिसतच नाही, म्हणून समोरून काढलेली आकृती आपल्याकडे जास्त कामाची. टाक्याच्या पाण्यापुढे महिना लिही. नुसतं ‘पाणी आहे’ वाचून मे महिन्यात कुणी तिथवर गेला तर पंचाईत. वाट कुणाच्या जमिनीतून, कुणाच्या परवानगीने जाते तेही विचारून घे. वेनराइटचा १९७३चा कोस्ट टू कोस्ट, म्हणजे इंग्लंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग, काही ठिकाणी लोकांना जाण्याचा कायदेशीर हक्क नसलेल्या जमिनीवरून गेला होता, तो पुढे बदलावा लागला. पुस्तक खपलं की पावलं वाढतात, पावलांनी माती जाते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये आज हेलिकॉप्टरने दगड आणून वाटा बांधाव्या लागतात, त्यात त्याच्या वाचकांचाही वाटा आहे. नाजूक जागेची वाट पुस्तिकेतून वगळायला कचरू नकोस.

त्याची चित्रं गिरवून छापू नकोस. तो १९९१ला गेला, ब्रिटनमध्ये २०६१ संपेपर्यंत हक्क आहेत. ऑर्डनन्स सर्व्हेचे पन्नास वर्षांहून जुने नकाशे मात्र आधाराला चालतात; नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संग्रहात ते पाहायला मिळतील.

पान झालं की ती वाट न पाहिलेल्या माणसाच्या हातात दे आणि वीस पावलं मागून चाल, तोंड मिटून. तो जिथे थांबून पान फिरवून बघेल, तिथे पेन्सिलने फुली मार आणि घरी येऊन तेवढा भाग पुन्हा काढ. डव्ह क्रॅगचं पहिलं पान मला पाठव. फुल्यांसकट, आणि मूळ आकारात.

सप्रेम आशीर्वाद.