चियांग माईत आईसाठी शाकाहारी जेवण आणि आम्हा तिघांसाठी चांगली कॉफी कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आई-बाबांना घेऊन चार दिवस थायलंडमधल्या चियांग माईला जाताय. आई अंडंही खात नाहीत, तुम्ही आणि बाबा सगळं खाता, कॉफी मात्र तिघांनाही लागते. मग नाइट बाजाराजवळच्या भारतीय हॉटेलांतच जेवण उरकावं का? माझं ठाम मत: नको. कामानिमित्त मी तिथे सात महिने राहिले, त्यात दहा दिवस माझी शाकाहारी आई सोबत होती. त्या अनुभवावरून सांगते.

आधी आईंचं बघू, त्यांचं जमलं की सगळ्यांचं जमतं. थाई भाषेत शाकाहाराला ‘मंगसविरत’ म्हणतात. आपलंच संस्कृत, मांस-विरती. ऐकून माझी आई हरखली होती. पण एवढ्यावर विसंबू नका. एका गाडीवर हा शब्द सांगून मी तिच्यासाठी सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर मागवली. विकणाऱ्या बाईंनी उखळात मिरची-लसूण ठेचली, पपईचा कीस टाकला आणि सवयीने ‘नाम प्ला’ची, म्हणजे माशांच्या खारट सॉसची बाटली उचलून दोन धारा सोडल्या. त्यांनी काही फसवलं नव्हतं. मांस मनापासून वगळलं होतं, पण ‘नाम प्ला’ त्यांच्या लेखी मीठच. आईने ती थाळी माझ्याकडे सरकवली आणि त्या दिवशी नुसती फळं खाल्ली. मला फार वाईट वाटलं.

आईंसाठी खरा शब्द आहे ‘जे’. हे चिनी बौद्ध परंपरेतलं कडक व्रताचं जेवण: मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. अशा दुकानावर पिवळी पाटी किंवा झेंडा असतो आणि त्यावर लाल थाई अक्षरं, आपल्या डोळ्यांना थेट 17 आकड्यासारखी दिसणारी. ती खूण आईंना दाखवून ठेवा. माझी आई तिसऱ्या दिवसापासून रिक्षातूनच बोट दाखवायला लागली होती. बहुतेक ठिकाणी काचेमागे तयार भाज्या मांडलेल्या असतात. बोट दाखवायचं, भातावर दोन-तीन वाढून मिळतात. ही दुकानं सकाळी-दुपारी गाठा, संध्याकाळपर्यंत भाज्या संपतात. साध्या दुकानात बसावं लागलं तर ‘माय साय नाम प्ला, माय साय कपि’ एवढं पाठ करा, म्हणजे ‘नाम प्ला घालू नका, कपि घालू नका’. कपि म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली पेस्ट. कॉफीला ‘काफे’ म्हणतात, गोंधळ करू नका.

आता तुम्ही आणि बाबा. खाओ सोय खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. नारळाच्या दुधातला, हळद-मसाल्याचा पातळसर रस्सा, त्यात अंड्याच्या नूडल्स, शिजून हाडापासून सुटलेली कोंबडीची तंगडी आणि वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्सचा झुपका. बाजूच्या ताटलीत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चे छोटे कांदे आणि लिंबू येतं. ते शोभेचं नाही, सगळं वाडग्यात घाला, लिंबू पिळा, तेलात परतलेली मिरची चमचाभर टाका. आंबटपणाशिवाय तो रस्सा जड लागतो. जुन्या शहराच्या उत्तरेकडच्या खंदकाजवळ ‘खाओ सोय खुन याय’ आहे, दुपारनंतर बंद होतं, म्हणून अकराच्या सुमारास जा. पिंग नदीपलीकडचं ‘लाम दुआन’ जुनं आणि नावाजलेलं. मला मात्र बान हो मशिदीजवळच्या गल्लीतलं ‘खाओ सोय इस्लाम’ जास्त जवळचं. चीनमधल्या युनानहून खेचरांचे तांडे घेऊन येणारे मुसलमान व्यापारी या भागात स्थायिक झाले, आणि खाओ सोयचं नातं त्यांच्याशी सांगतात. तिथे बीफही असतं, चालत नसेल तर ‘गाय’ म्हणा. थाईत गाय म्हणजे कोंबडी! बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

एक सकाळ ‘वारोरोत’ नावाच्या बाजाराला द्या. गवती चहा आणि लिंबाची पानं घातलेलं डुकराचं सॉसेज ‘साय उआ’ तिथे गरमागरम कापून देतात. भाजलेल्या हिरव्या मिरच्या कुटून केलेलं ‘नाम फ्रिक नुम’ चिकट भाताच्या गोळ्याबरोबर खा, ठेचा खाणाऱ्याला ते परकं वाटणारच नाही.

कॉफीबद्दल मात्र मी हळवी आहे. या शहरातली कॉफी आसपासच्याच डोंगरांतली. अफूच्या शेतीला पर्याय म्हणून 1969 साली राजा भूमिबोल यांनी रॉयल प्रोजेक्ट सुरू केला, आणि डोंगरी गावांत फळं-भाज्यांबरोबर अराबिका कॉफी रुजली. म्हणून ‘आखा आमा’त नक्की जा. आखा जमातीच्या ली आयू चुएपा यांनी 2010 मध्ये आपल्या गावची कॉफी थेट विकण्यासाठी ते उभं केलं. वाट फ्रा सिंग देवळाजवळची शाखा आई-बाबांना सोयीची, देवळातून चालत येता येतं. तिथे पहिला कप बिनदुधाचा, गाळणीतून हळूहळू उतरवलेला घ्या. दुधाच्या कॉफीसाठी निम्मान भागातलं ‘रिस्ट्रेटो’. त्याचे मालक आर्नोन थितिप्रसेर्त लाटे आर्टचे, म्हणजे कॉफीवर दुधाने नक्षी काढण्याच्या कलेचे 2017 चे जागतिक विजेते आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर बरं.

पण बाबांना बहुधा बाजारातली ‘काफे बोरान’, जुन्या पद्धतीची कॉफी आवडेल. लांब कापडी पिशवीतून उकळतं पाणी दोन-तीनदा फिरवतात, ग्लासच्या तळाशी बोटभर गोड आटीव दूध असतं, काळा द्राव त्यावर तरंगत राहतो. ढवळण्याआधी एक घोट घ्या, मग हवं तेवढंच गोड करा. आधीच ‘वान नोय’ म्हटलं तर दूध कमी घालतात.

बिया शेवटच्या दिवशी घ्या, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख आठवड्याच्या आतली आहे का ते पाहून घ्या. दळून मात्र घेऊ नका, घरी येईपर्यंत वास उडतो.