रॉ फोटो पहिल्यांदा उघडताय? आधी हे वाच भाऊ

रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली फाइल, ती उघडायच्या सॉफ्टवेअरवर लगेच पैसे घालू नको. कॅनन असेल तर त्यांचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉन असेल तर एनएक्स स्टुडिओ, दोन्ही फुकट आहेत आणि कॅमेऱ्याचे रंग तसेच दाखवतात, महिनाभर त्यावरच हात बसव. मग डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी बघ, तेही फुकटच, फक्त डार्कटेबल शिकायला वेळ लागतो, घाबरू नको. लाइटरूमला दर महिन्याचे पैसे, ते नंतर.

आता व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणं फोटोतले रंग जुळवणं. रॉमध्ये तो नंतर कितीही बदल, फोटो खराब होत नाही. उन्हात साधारण 5500 केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), सावलीत 7000 च्या पुढं. पण आपल्याकडं केळीच्या बागेत नुसत्या केल्विननं भागत नाही, पानांतून उजेड हिरवा होऊन येतो, मी रावेरकडं एका बाबांचा फोटो काढला तर टोपीसकट गाल हिरवट, तिथं टिंट (हिरवा-गुलाबी कमीजास्त करायची पट्टी) मॅजेंटाकडं, म्हणजे गुलाबी-जांभळ्या बाजूला सरकवला तेव्हा कुठं चेहरा माणसाचा दिसला. ड्रॉपर (क्लिक करून व्हाइट बॅलन्स ठरवायचं टूल) टोपीच्या करड्या सावलीवर मार, जास्त उजेडानं पांढऱ्याफटक उडालेल्या भागावर नको. आणि हळदीचे फोटो ऑटोवर अजिबात सोडू नको, ते पिवळं खाऊन टाकतं, नवरीच्या अंगावरची हळदच जाते रे.