सीएफओ असताना कंपनीत फायनान्शियल कंट्रोलर कशाला लागतो?

तुम्ही सात वर्षं अकाउंट्स मॅनेजर आहात, आता कंट्रोलरची जागा देऊ केली आहे आणि सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) असताना या माणसाने करायचं काय, असं विचारलं आहे. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत हेच काम करते.

बँका, कर्ज, नव्या प्लांटसाठी पैसा हे सीएफओ बघतात. त्यासाठी ते जे आकडे दाखवतात, ते खरे असण्याची जबाबदारी कंट्रोलरची.

आधीच्या नोकरीतला प्रसंग सांगते. 31 मार्चच्या संध्याकाळी विक्री विभागाने भराभर बिलं फाडली. टार्गेट पूर्ण झालं. मी गेटचं रजिस्टर मागवलं, तर गाड्या 2 एप्रिलला बाहेर पडलेल्या. ग्राहकाच्या दारात माल पोहोचवायचा, अशी ऑर्डरची अट होती (ती प्रत्येक वेळी वाचावीच लागते). मालाचा ताबा ग्राहकाकडे गेल्याशिवाय विक्री धरता येत नाही. मी ती सगळी विक्री उलटवली, माल स्टॉकमध्ये परत घेतला. काहींचा इन्सेंटिव्ह गेला, त्यांचा राग मला समजत होता. तरीही आज पुन्हा तेच करीन.

बाकी महिना तारखांचा असतो. 7 ला टीडीएस (इतरांच्या पैशांतून कापलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरण), 20 ला 3बी (जीएसटीचं गोषवारा विवरण), आणि त्यातच बुक्स क्लोज करायची. लघुउद्योगांची बिलं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायची, यावरही नजर हवी.

बँकेच्या जुळवणीला (आपल्या बुक्समधली शिल्लक बँकेच्या नोंदींशी ताडून बघणं) मात्र कधीही किरकोळ काम समजू नका. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्रातून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. शिल्लकेचा दाखला थेट बँकेकडून यायला हवा, आपल्याच माणसाने आणून दिलेल्या कागदावर भागत नाही. पुढे 2013 च्या कंपनी कायद्याने अंतर्गत वित्तीय नियंत्रणांबद्दल (हिशेबातल्या चुका आणि फसवणूक रोखणारी कंपनीतली व्यवस्था) लिस्टेड कंपनीच्या संचालकांना लेखी ग्वाही द्यायला लावली. ती ग्वाही ज्याच्या कामावर उभी असते, तो कंट्रोलर.

म्हणून होकार देण्याआधी एवढं विचारून घ्या: सीएफओंशी मतभेद झाला, तर ऑडिट कमिटीसमोर (हिशेब आणि ऑडिटवर देखरेख ठेवणारी संचालकांची समिती) मला थेट बोलता येईल का?