वाचकांचे प्रश्न : हात दुखतो, तरी लिहायचे आहे

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहते. वय ५३ आहे. गेली अकरा वर्षे एका स्थानिक साप्ताहिकात राजकीय सदर लिहिते. पाडळसे येथील रखडलेले धरण, पीकविमा, ग्रामसभेत न होणारी चर्चा, असे आमचेच विषय असतात. तीन वर्षांपूर्वी मला आमवात असल्याचे निदान झाले. सकाळी तास-दीड तास बोटे वळत नाहीत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या रविवारी रात्री घेते आणि सोमवार पूर्ण मळमळीत व थकव्यात जातो. लेख मंगळवारी संध्याकाळी द्यायचा असतो. सासूबाई रोज विचारतात, ‘हात दुखस तं लिखस कसाले, माय?’

मी माळकरी आहे. एकादशी करते, भजनी मंडळात जाते आणि मुक्ताईच्या पालखीबरोबर निदान काही टप्पे चालण्याचा माझा नेम होता. त्याशिवाय गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मी नऊ वर्षे चिटणीस आहे आणि दर शनिवारी तिथे मुलांना वाचून दाखवते. आता मंडळातल्या बायका म्हणतात की माळ घातलेल्या बाईने राजकारणावर लिहू नये. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणतात की आमदार निधीतून सभागृह मंजूर होत आहे, तोवर जरा सांभाळून लिहा. डॉक्टर म्हणतात, विश्रांती घ्या. प्रत्येकाचे ऐकले तर माझे असे काहीच उरत नाही. मी नेमके काय सोडावे?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि त्यातले अक्षर मध्येच बदलले आहे हेही पाहिले. अर्धे पत्र कुणाकडून तरी लिहवून घेतलेले दिसते. ती व्यक्ती तुमच्या जवळ आहे याचा मला फार दिलासा वाटला आणि माझ्या उत्तरातला बराचसा भाग तिच्याशीच संबंधित आहे.

‘काय सोडावे’ या प्रश्नाआधी आजाराला वेळापत्रकात त्याची जागा देऊ या. आज तुमचा सर्वांत वाईट दिवस लेखाच्या आदल्या दिवशी येतो, म्हणजे अकरा वर्षांचे लेखन दर आठवड्याला तुमच्या सर्वांत थकलेल्या तासांवर उभे राहते. गोळीचा वार बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. लेख देऊन झाल्यावर, बुधवारी किंवा गुरुवारी रात्री गोळी घेतली तर नंतरचा थकव्याचा दिवस कुणालाच देणे लागत नाही. मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करू नका, कारण हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि दोन मात्रा जवळजवळ आल्या किंवा चुकून रोज घेतल्या गेल्या तर ते जिवावर बेतू शकते. मळमळीबद्दलही त्यांना स्पष्ट सांगा, फॉलिक ॲसिडची गोळी कोणत्या वारी घ्यायची ते लिहून घ्या आणि रक्ताच्या नियमित तपासण्या निवडणुकीच्या धामधुमीतही चुकवू नका. ‘थकवा तर असणारच’ असे म्हणून बायका डॉक्टरांसमोर गप्प बसतात, हे मी माझ्या घरातच वर्षानुवर्षे पाहिले आहे.

एकादशीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतल्याने जठराला इजा होते. त्या दिवशी फराळ करून गोळी घेतली तर व्रत मोडत नाही, आणि मोडते असे कुणी म्हणाले तर तुमच्या पोटाची जबाबदारी तो घेणार आहे का, असे मी त्याला विचारेन.

आता लेखनाकडे येते. तुमचे सदर साप्ताहिक आहे ही त्या अंकाची सोय आहे. पाडळशाचा प्रश्न दर शुक्रवारी बदलत नाही. मी तुमच्या जागी असते तर संपादकांना पत्र लिहून सदर पाक्षिक करून घेतले असते आणि त्याचे कारणही वाचकांना दोन ओळींत सांगितले असते. अकरा वर्षे वाचणारे लोक आजार समजून घेतात, परंतु न सांगता आलेला विस्कळीतपणा त्यांना समजत नाही. लेख कमी झाले तरी त्यांची धार कमी होण्याचे कारण नाही, उलट ती वाढेल, कारण तुम्हाला कागद मागवायला वेळ मिळेल. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून केलेल्या अर्जाला उत्तर देण्यासाठी कायद्याने ३० दिवस दिलेले आहेत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणजे दुखऱ्या हातालाही तो पेलतो. आज एक अर्ज टाका, पुढच्या महिन्यात त्याच्या उत्तरावर लिहा. निवडणुकीच्या काळात सभांना उन्हात उभे राहण्याची गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तुमच्या शरीराला ते झेपणारे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निकालानंतर उमेदवारांना आपली मालमत्ता, कर्जे आणि गुन्हेगारी प्रकरणे शपथपत्रात उघड करावी लागतात. ही शपथपत्रे घरी बसून वाचता येतात. एकाच उमेदवाराची दोन निवडणुकांतील शपथपत्रे शेजारी ठेवून शांतपणे लिहिलेला लेख दहा सभांच्या वृत्तांतांपेक्षा मतदाराच्या जास्त उपयोगाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोटांचा प्रश्न राहतो. सांगून लिहवून घेणे म्हणजे आपण कमी पडलो, असे तुम्हाला वाटत असावे, कारण पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. अशी १८ प्रवचने झाली आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण साने गुरुजी तिथे बसून ती लिहून घेत होते. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असे त्या कामाचे स्वरूप होते. तुमच्या वाचनालयात येणाऱ्या मोठ्या मुलींपैकी एखादीला आठवड्यातून दोन तास बसवा आणि तिला त्याचे मानधन द्या. ती राजकारण वाचायलाही शिकेल. फोनवर बोलून मजकूर उतरवण्याची सोयही आता बरी झाली आहे, फक्त आपले खानदेशी उच्चार आणि गावांची नावे ती हमखास चुकवते, म्हणून छापायला देण्यापूर्वी प्रत्येक नाव डोळ्यांखालून घाला.

त्याच तुरुंगाची आठवण मला भजनी मंडळातल्या बायकांच्या बोलण्याकडे आणते. तिथे सगळे राजकीय कैदी होते आणि रविवारी गीता ऐकत होते. एकाला दुसऱ्याची अडचण वाटली नाही. पुढे मे १९४७ मध्ये, तुमच्याच अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवसांचे उपोषण केले आणि मंदिराचा दरवाजा उघडला. ते भक्ती होते की राजकारण, हे तुमच्या मंडळाने ठरवून दाखवावे. माळ घातलेल्या बाईने खोटे लिहू नये, कुणाचा द्वेष करू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे आणि ती तुम्ही पाळत आलेल्या असाल. धरणाच्या पाण्याबद्दल विचारण्याला तुळशीची माळ आड येत नाही.

त्यांच्या बोलण्यात एक भाग मात्र मी खरा मानते. मंडळात सगळ्या पक्षांच्या घरांतल्या बायका येतात आणि टाळ हातात घेतल्यावर त्यांना तुमचा लेख आठवू नये, हा त्यांचा हक्क आहे. सप्ताहाच्या मंडपात, पालखीच्या मुक्कामी किंवा मंडळाच्या फोनवरील गटात तुमच्या सदराचा एक शब्दही येऊ देऊ नका. उद्या एखादा इच्छुक उमेदवार सप्ताहाची पंगत देऊ करील आणि बदल्यात दोन शब्द बोलू द्या म्हणेल, तेव्हा नाही म्हणण्याचा तुमचा अधिकार याच शिस्तीतून येणार आहे. धर्माच्या आधारावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचार ठरतो, हेही तेव्हा सांगता येईल.

वारीबद्दल मला लिहिताना जड जाते, कारण मुक्ताईची पालखी महिन्याहून अधिक काळ चालते आणि तिच्याबरोबर चालणाऱ्यांना ते दिवस काय देतात हे मी जवळून पाहिले आहे. सुजलेल्या पावलांनी सलग टप्पे चालू नका. कोथळीच्या प्रस्थानाला जा, सकाळचा गारवा असताना, डॉक्टर म्हणतील तितकेच चाला आणि पुढे गाडीने मुक्काम गाठून तिथल्या भजनाला बसा. तुमच्या औषधाने रोगप्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून पाणी उकळलेले घ्या आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नेम लहान करणे आणि नेम सोडणे यांत फार अंतर आहे.

राहिले वाचनालय. तुम्ही विचारलेत म्हणून उत्तर देते : चिटणीसपद सोडा, आणि ते या वर्षीच सोडा. त्याचे कारण आजार नाही. आमदार निधी हा लोकांचा पैसा आहे, कुणाच्या खिशातला नाही, तेव्हा त्या बदल्यात ‘सांभाळून लिहा’ म्हणण्याचा अधिकार अध्यक्षांना नाही. पण तुमच्या लेखामुळे सभागृह अडले असे गावात एकदा पसरले, तर ते मुलांच्या वाट्याचे नुकसान ठरते आणि तुम्ही पदावर असेपर्यंत दोन्ही बाजूंनी तुमच्याकडे बोट दाखवले जाईल. पदावर असताना गप्प बसलात तर वाचकांची फसवणूक होईल, आणि लिहिलेत तर संस्थेला दरवेळी खुलासे द्यावे लागतील. शासनाचे अनुदान, वार्षिक अहवाल, हिशेब तपासणी, पुस्तकांची दाखल नोंदवही, ही चिटणिसाची कामे दुसऱ्याला शिकवून देता येतात. त्यासाठी तीन महिने घ्या, दप्तर यादी करून सोपवा आणि पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जाईल एवढे पाहा. नंतर निधीवाटपावर लिहिण्याची वेळ आली, तर ‘मी या वाचनालयाची नऊ वर्षे चिटणीस होते’ हे वाक्य लेखात आधी घाला.

शनिवारचे वाचन सोडू नका. पद आणि काम यांत तुम्ही फरक केलेला नाही, म्हणून सगळेच ओझे वाटते आहे. मुले चिटणिसाला ऐकायला येत नाहीत, तुम्हाला ऐकायला येतात. एखाद्या शनिवारी बोटांनी पान उलटत नसेल तर एका मुलाला उलटायला सांगा. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी देणार नाही. पुढचा लेख त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांना काय वाटले ते मला कळवा.

प्रश्न : मी तळोद्याजवळच्या पाड्यावरचा, २६ वर्षांचा. मला सिकलसेल आहे. वनहक्क दाव्यांवर लिहितो, रात्री-अपरात्री रुग्णांना दवाखान्यात नेण्याचे काम स्वेच्छेने करतो आणि महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या यात्रेला पायी जातो. गेल्या वर्षी वाटेतच अंगदुखीचा भयंकर झटका आला. यापुढे काय करावे?

उत्तर : भाऊ, तुमच्या आजारात जागरण, थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी झटका येऊ शकतो. तुमच्या तिन्ही कामांत यांतले काही ना काही आहेच. म्हणून रात्रीची फेरी दुसऱ्या मित्राला द्या आणि तुम्ही दिवसा ओपीडीच्या रांगेत लोकांना मदत करा. नेणाऱ्याला स्वतःलाच सलाईन लागले तर त्या रात्री दोन रुग्ण होतात. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर यात्रेच्या दिवसांत, कुणीही सांगितले तरी, ते बंद करू नका.

लिहिण्यासाठी जागू नका. वनहक्काच्या लेखनात एकच तारीख थांबत नाही : ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे, ६० दिवसांत दाद मागावी लागते. ज्यांचे दावे फेटाळले आहेत त्यांच्या तारखा वहीत नोंदवा आणि आधी त्यांच्यासाठी लिहा. बाकीचा लेख सकाळी झाला तरी चालेल.

यात्रेला जरूर जा, पण बराचसा रस्ता गाडीने, पाण्याची बाटली हातात आणि सिकलसेलचे कार्ड खिशात ठेवून. बरोबरच्या दोघांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा की ताप, छातीत दुखणे किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर दर्शनासाठी न थांबता तुम्हाला आधी दवाखान्यात न्यायचे आहे.